गुरुजी गवत खातात

आमच्या शाळेत दोन मास्तर होते आणि एक गुरुजी. मास्तर म्हणजे मी आणि ते. गुरुजी म्हणजे त्यांचा कुत्रा.

हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयीची माझी पहिली तक्रार हीच आहे. दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी मी ट्रेनिंग संपवून शहापूर तालुक्यात, शेणव्याजवळच्या एका गावी, बोर्डाच्या शाळेवर हेडमास्तर म्हणून रुजू झालो. वय चोवीस. अंगात नवा कोट, ट्रंकेत सर्टिफिकेट आणि मनात एकच हौस, की मुलांनी मला 'मास्तर' न म्हणता 'गुरुजी' म्हणावं. पहिल्याच दिवशी मी वर्गाला तसं सांगितलं. पोरं एकमेकांकडे बघून खुसखुसली. मधल्या सुट्टीत बाहेरून "गुरुजी! ओ गुरुजी!" अशी हाक आली. मी कोट सारखा करून ओटीवर आलो, तर एक पिवळट गावठी कुत्रा माझ्या पायांना घासून पुढे धावला आणि हाक मारणाऱ्या पोरीनं त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला.

मी त्यांना, म्हणजे माझ्या सहाय्यक मास्तरांना, गाठून विचारलं, "मास्तर, कुत्र्याला गुरुजी म्हणता?"

"मग काय म्हणू, हेडमास्तर? मी ज्याच्याकडून शिकलो तो हा एकच."

"आणि मला काय म्हणायचं पोरांनी?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तुमाला हेडमास्तर म्हणतील. ते काय वाईट नाय."

त्या दिवसापासून गावात मी 'हेड' झालो. 'मास्तर' म्हटलं की ते. लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतो आहे, पण मनात कधी म्हटलेलं नाही. मनात ते 'तो' होते, आणि पुष्कळदा 'तो लेकाचा' होते.

दिसण्यात काही नव्हतं. पन्नाशीला टेकलेले, उंच, थोडे वाकलेले, धोतर गुडघ्याच्या जेमतेम खाली आणि टोपीच्या कडेला कायम एक गवताची काडी खोचलेली. बायको फार पूर्वी वारली होती. शाळेच्या मागच्या झोपडीत एकटेच राहत. ट्रेनिंग झालेलं नव्हतं. सातवीची फायनल पास होते, तेही दुसऱ्या खेपेला, हे मी त्यांच्या सर्व्हिस बुकात बघून ठेवलं होतं. अक्षर असं की वहीवरून कोंबडी चालत गेली म्हणावं. त्यांच्या कामाची टिपणं मी तांबड्या शाईनं तपासत असे, आणि पान संपेपर्यंत त्यांच्या काळ्या शाईपेक्षा माझी तांबडीच जास्त दिसे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "बरं झालं दाखवलात," असं म्हणून ते तीच चूक दुसऱ्या दिवशी पुन्हा करत.

त्यांचा खरा अभ्यास एकाच विषयाचा होता: कुत्रं गवत का खातं. उजाडलं की गुरुजी पुढे आणि ते मागे, असे दोघे विहिरीकडच्या बांधावर निघत. कुत्रा दहा ठिकाणी हुंगून सोडून देई आणि मग एका जागी मान वाकडी करून दाढेनं हरळीचे शेंडे तोडू लागे. हे लगेच शेजारी उकिडवे बसत. तिथलीच काडी उपटून स्वतः चावून बघत. कुत्रा ओकला तर काय ओकला ते काटकीनं बाजूला करून बघत. पाण्याला येणाऱ्या बाया म्हणे पूर्वी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी गेलो तोवर त्या "आज खाल्लान का ओ गुरुजींनी?" असं घरच्या माणसासारखं विचारण्यापर्यंत आल्या होत्या. आणि आपल्या मुलाचं गणित कसं आहे हे मला एकीनंही कधी विचारलं नव्हतं.

त्यांची एक वही होती. ती मी त्यांच्या नकळत वाचली आहे. त्यात असं असे: 'आज गुरुजींनी हरळी घेतली. सात काड्या. पिवळे पाणी ओकले. दुपारभर चिंचेखाली निजले. सांजची भाकर नको म्हणाले. काल कोणी सुकटीची डोकी घातली होती.' कुत्र्याला आदरार्थी बहुवचन! आणि दोन पानं उलटल्यावर माझी नोंद: 'नवा हेड आला.' एवढीच, आणि एकेरी.

पण वहीतली दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. कितीतरी पानांच्या शेवटी लिहिलं होतं, 'गुरुजी मजेत. तरी गवत खाल्ले. कारण कळले नाही.' इतकी वर्षं एका गोष्टीमागे लागलेला माणूस स्वतःच्या वहीत असं लिहितो! मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की वर्गासमोर कधी 'मला माहीत नाही' म्हणायचं नाही. पुढे फार वर्षांनी कल्याणला एका जनावरांच्या डॉक्टरांशी माझी ओळख झाली, तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. ते म्हणाले, पोट बिघडलं म्हणूनच कुत्रं गवत खातं असं नाही. धडधाकट कुत्रीही खातात, आवडतं म्हणून खात असतील. आणि खाऊन ओकणारी तर थोडीच. मला इतका आनंद झाला की येताना पावशेर बर्फी घेऊन आलो. पहिला तुकडा तोंडात टाकला आणि वहीतली ती ओळ आठवली. म्हणजे हेही त्यांना आधीच ठाऊक होतं. पुढची बर्फी मला गेली नाही.

पौषात ते न चुकता तीन दिवसांची रजा मागत, म्हशाच्या जत्रेला जायला. लोक तिथे बैल बघायला जातात, घोंगड्या घ्यायला जातात. हे जत्रेतली कुत्री बघायला जात. आल्यावर अगदी गंभीरपणे मला सांगत, "पहिल्या दिवशी उष्टं खातात, दुसऱ्या दिवशी भांडतात, तिसऱ्या दिवशी बांधावर जाऊन गवत शोधतात. माणसं मात्र तिसऱ्या दिवशी पण भजीच शोधतात, हेडमास्तर." एकदा मी रजा नाकारली. त्या वर्षी गावातली निम्मी माणसं म्हशाला जायच्या आधी शाळेत डोकावून "मास्तर येत नाय का?" असं विचारून गेली, आणि मी का नाकारली ते प्रत्येकाला सांगावं लागलं. पुढल्या वर्षी मी रजा मुकाट्यानं दिली.

आता हजेरीचं सांगतो. आमच्या दोन वर्गांमध्ये एक कुडाची भिंत होती, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येई. माझ्याकडे नाव घेतलं की मुलं 'हजर' म्हणत. पलीकडून ऐकू येई:

"चांगो?"

"साफ."

"ठकी?"

"जड."

"बाळ्या?"

"रिकामा."

साफ म्हणजे पोट बरं आहे. जड म्हणजे कालचं पचलेलं नाही. रिकामा म्हणजे कालपासून पोटात काही गेलेलं नाही. मी त्यांना बोलावून सांगितलं, "मास्तर, हजेरीला हजर म्हणायचं असतं. खात्याचा नियम आहे."

"हजर तर दिसतंच की, हेडमास्तर," ते म्हणाले. "जे दिसत नाय ते विचारतो."

'रिकामा' म्हणणारी पोरं हजेरी झाली की मागच्या झोपडीत जाऊन येत. तिथे नाचणीच्या आंबीलीचं मडकं झाकून ठेवलेलं असे. हे मी सांगणार नव्हतो. पण वगळलं तर तुम्ही म्हणाल, हेडला चांगलं काही दिसतच नव्हतं. दिसत होतं, त्याचाच तर त्रास होता. लावणीच्या दिवसांत माझा वर्ग ओस पडे आणि त्यांच्या वर्गात पोरं दाटीवाटीनं बसलेली असत. मी मनाशी म्हणे, आंबीलीसाठी येतात. असतीलही. पण आंबील शिजवायची मलाही कुणी मनाई केलेली नव्हती.

आणि गावाची पोटं? ती तर त्यांच्या ओटीवरच येऊन पडत. शाळा सुटली की दोन-चार माणसं बसलेलीच. त्यांचा उपाय सगळ्यांना एकच: "आज काय खाऊ नको. पाणी पी. सावलीत पड. गुरुजी तेच करतात." वर एक हरळीची काडी चघळायला देत. मी एकदा विचारलं, या काडीत औषधी गुण काय आहे? तर म्हणाले, "काय नाय. उपाशी माणसाच्या तोंडाला काम पायजे, नाय तर ते जेवण मागतं." म्हणजे औषध नाही हे स्वतःच कबूल, तरी लोक बरे होत आणि नाव गुरुजींचं आणि त्यांचं होई. मी आरोग्यशास्त्राचं पुस्तक मागवलं. चावडीपाशी व्याख्यान ठेवलं. चार माणसं आली. त्यातल्या दोघांनी शेवटी विचारलं, मास्तर कुठे दिसत नाहीत.

माझी बायको कल्याणची, शहाण्या घरातली. तीही फितूर झाली. तिला पित्ताचा त्रास होता. तिनं मला न विचारता त्यांना विचारलं, दोन दिवस त्यांच्या सांगण्यानं वागली आणि तिसऱ्या दिवशी गाणं गुणगुणत भांडी घासू लागली. "किती साधे आहेत हो मास्तर," ती मला म्हणाली. "तुम्ही का नाही एकदा दाखवत तुमचं पोट?"

ती असं म्हणाली, कारण तोवर माझं पोट दुखायला लागलं होतं. आपल्याकडे पोटात दुखणं याचे दोन अर्थ आहेत. मला दोन्ही लागू होते, पण तेव्हा मी एकच मानत होतो. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला खरीखुरी कळ येई. ओवा झाला, सोडा झाला, तिखट बंद करून झालं.

एका संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर पोट धरून बसलो होतो. त्यांच्या ओटीवरची माणसं नुकतीच उठून गेली होती. ते वही घेऊन माझ्याकडे आले.

"हेडमास्तर, तुमचं दुखणं मी महिनाभर लिहितोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय. दिसलं म्हणून लिहिलं." त्यांनी पान काढलं. "तुमचं जेवणावर नाय ते. वांगं खाल्लात तेव्हा नाय दुखलं. एकादशीला उपास केलात, तरी दुखलं. मंगळवारी शेणव्याची माणसं माझ्याकडे आली, तेव्हा दुखलं. वहिनींनी गुरुजींना भाकर घातली, तेव्हा दुखलं. पोरांनी मला दसऱ्याला सोनं आधी दिलं..."

इथे ते थांबले. वहीकडे बघत राहिले. आपण काय वाचतो आहोत हे त्यांना त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं, अशी माझी खात्री आहे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. वही मिटून म्हणाले, "माझंच काय तरी चुकलं असंल. मी काय डॉक्टर नाय." आणि खाली मान घालून गेले.

ते हसले असते तर मी सहन केलं असतं. रागावले असते तर उलट भांडलो असतो. पण माझं पोट नेमकं ओळखून वर लाजायचं कामही त्यांनीच करावं? त्यानंतर मला त्यांच्याकडे बघवेना. हा माणूस इथून गेला पाहिजे, असं मी ठरवलं ते त्या संध्याकाळी.

कारण दिवाळीनंतर मिळालं. शाळेला पूर्वी कुंपण नव्हतं. खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना सगळा मुलूख 'दिपोटी' म्हणतो, ते तपासणीला येतील तेव्हा आवार नीटनेटकं दिसावं म्हणून मी आल्या वर्षीच मोगली एरंडाच्या फांद्या रोवून घेतल्या होत्या. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि तो वाढतो भराभर. त्या वर्षी माझ्या कुंपणाला फळं धरली. आतल्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, आणि पोटात गेल्या की माणसाला उलटंपालटं करतात. हे गावात लहानथोरांना ठाऊक असेल असं मी धरून चाललो होतो.

मधल्या सुट्टीनंतर माझ्या वर्गातली मंजी नावाची सात-आठ वर्षांची पोर ओकू लागली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मला वाटलं, पटकी, म्हणजे कॉलरा. मी घाबरून शाळा सोडून दिली आणि पाटलाला बोलवायला म्हणून स्वतःच धावत सुटलो. परत येतो तर मास्तर तिच्यापुढे उकिडवे बसलेले, अगदी बांधावर बसत तसे.

"काय खाल्लास गो?"

"काय नाय."

"मी मारणार नाय. गुरुजी तरी कुठे सांगतात? पण तोंड हुंगू देतात. तू पण दे."

पोर ओकता ओकता हसली. त्यांनी तिचं तोंड हुंगलं. मग तिची मूठ उघडली. आत काळी टरफलं होती. त्यांनी कुंपणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला चिंचेखाली निजवलं, घोट घोट पाणी पाजलं, मीठ घातलेली पेज पाजली. तिचं पोट निवळल्यावर, पोर भ्यालेली होती म्हणून, टोपीतली काडी काढून तिच्या हातात दिली. "धर, गुरुजींचं औषध." संध्याकाळी मंजी बापाच्या खांद्यावर बसून घरी गेली, तोंडात ती काडी धरून. सगळ्या गावानं ती बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो तर कुंपणाच्या फळांच्या फांद्या एकूण एक तोडलेल्या. कुणी तोडल्या हे मी विचारलं नाही. त्याच दिवशी मंजीचा बाप दोन मोठे भोपळे घेऊन माझ्या दारावरून त्यांच्या झोपडीकडे गेला आणि वाटेत कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, "मास्तर होते म्हणून पोर राहिली. हेड तर पळतच सुटले!" मला कळ आली. खरीखुरी, डाव्या अंगाला.

रविवारी दुपारी बायको नदीवर धुणं घेऊन गेली असताना मी अर्ज लिहिला. डाव्या हातानं लिहिला, म्हणजे अक्षर कळू नये. अडाणी माणसानं लिहिल्यासारखा लिहिला. 'आमी गांवकरी हात जोडून सांगतों कीं, शाळेंतले धाकले मास्तर पोरांना कुत्र्यासारकें गवत चारतात, त्यामुळें आमचीं पोरें आजारी पडतात.' मंजीचं नाव घातलं. खाली नाव नाही. शेणव्याच्या पेटीत टाकला तर संशय येईल म्हणून वाशिंदला काम काढून गेलो आणि तिथल्या स्टेशनाजवळच्या पेटीत टाकला. त्या दिवशी पोट अजिबात दुखलं नाही.

महिन्याभरात दिपोटीसाहेब छकड्यातून आले. दप्तर तपासलं, मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. मग मुलांना बाहेर पाठवलं आणि आम्हा दोघांना समोर उभं करून खिशातून तो कागद काढून मोठ्यानं वाचला. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला तेव्हासुद्धा वाटलं, वाक्य बरं जमलं आहे.

"मास्तर, या मुलीला तुम्ही गवत दिलंत?"

"दिलं, साहेब. हरळीची काडी."

"आणि तिला उलट्या झाल्या?"

"झाल्या."

इथे एक शब्द हवा होता. 'नंतर'. उलट्या आधी झाल्या, काडी नंतर दिली. तेवढ्या शब्दानं अर्ज फाटला असता. पण तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न आला असता, मग उलट्या कशानं झाल्या, आणि त्याचं उत्तर शाळेभोवती माझं कुंपण होऊन उभं होतं. मास्तरांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रोखून नाही, रागानं नाही. बांधावर गुरुजी आता पुढे काय करतात ते शांतपणे बघत राहत, तसं.

"हेडमास्तर, तुम्हाला काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

"मी वर्गात होतो, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी सुस्कारा सोडला. कागदाची घडी घालता घालता थांबले आणि त्यांना हसू आलं. "पण एक गंमत बघा. माणूस अडाणी, 'आमी' लिहितो, 'सारकें' लिहितो. आणि अनुस्वार? एक चुकलेला नाही. 'शाळेंतले', 'त्यामुळें', 'आमचीं पोरें'. माझ्या हेडक्लार्कला साधत नाहीत हो हे! या गावात इतकं शुद्ध लिहिणारा आहे तरी कोण?"

आजच्या वाचकांना सांगायला हवं, की त्या काळी उच्चारात नसलेले अनुस्वारही लेखनात द्यावे लागत, आणि ते कुठे द्यायचे हे ट्रेनिंग झालेल्या मास्तरांनाही धड साधत नसे. मला साधत असे. तो माझा अभिमान होता, आणि डावा हातसुद्धा तो सोडायला तयार झाला नव्हता.

"बघू, साहेब?" मास्तर म्हणाले.

त्यांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. दोन वर्षं ज्यांची पानं माझ्या तांबड्या अनुस्वारांनी भरत होती, त्या माणसानं. वाचून झाल्यावर घडी होती तशीच घालून परत दिला.

"शाळेतून शिकून गेलेला कुणी तरी असंल, साहेब," ते म्हणाले. "आमचे हेडमास्तर फार घोटून घेतात. मला पण दोन वर्षं शिकवतात. मला येत नाय, पण पोरांना येतं."

साहेब खूश झाले. तिथेच शेराबुक मागवून त्यांनी लिहिलं, 'हेडमास्तरांच्या परिश्रमामुळें शुद्धलेखनाचा प्रसार गांवकऱ्यांपर्यंत झालेला दिसतो. अभिनंदनीय.' खाली दुसरी ओळ, 'सहाय्यक शिक्षकांची अन्यत्र बदली करण्यांत यावी.' माझ्या साऱ्या नोकरीत माझ्याविषयी कुणी लिहिलेला सर्वांत चांगला शेरा हाच. पुढे बढतीच्या अर्जाला मी त्याची नक्कल जोडली आणि बढती मिळाली.

बदलीचा हुकूम यायला आठवडा लागला: मुरबाड तालुका, म्हशाच्याही पलीकडे. निघायच्या आदल्या दिवशी ते शाळेतलं आपलं सामान आवरत होते. सामान म्हणजे वही, एक तांब्या आणि आंबीलीचं रिकामं मडकं. मी अर्जाविषयी बोलूच शकत नव्हतो. म्हणून दुसरंच विचारलं, आणि तेही त्यांचीच चूक असल्यासारखं.

"मास्तर, काडी नंतर दिली, एवढं तरी सांगायचं होतं तुम्ही साहेबांना."

"मी सांगून काय?" ते मडकं पुसत म्हणाले. "ज्याच्यावर आळ, तो तसं म्हणणारच. तुमी सांगाल म्हणून थांबलो होतो."

मी त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधला. नव्हता. मी काय आहे हे पुरतं ठाऊक असून, नोकरी पणाला लागलेली असताना, ते माझ्या तोंडून बरा शब्द निघेल म्हणून खरोखरच थांबले होते. मी कुणासाठी असा थांबलो नसतो. मला ते जन्मात साधलं नसतं. तुम्हाला वाटेल, निदान तिथे तरी याला लाज वाटली असेल. वाटली, पण ती नंतर, आणि तोवर मास्तर गुरुजींना घेऊन मुरबाडच्या वाटेला लागले होते. आधी वाटला तो हेवाच.